शांत हातांची नाडी

हेमलता गुंजाळ यांनी तो व्हिडिओ आपणहून दिला, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कोणी मागितला नव्हता, कोणी गळ घातली नव्हती. व्हिडिओतून नाडी वाचणारं यंत्र बनवणाऱ्या डॉ. रुबीना तांबोळी एवढंच म्हणाल्या होत्या, "शांत मुलाचा एखादा नमुना हवा होता. सोमवारी शिक्षकांना आधी शांत नाडी दाखवायची, मग अस्वस्थ नाडी. म्हणजे फरक डोळ्यांत भरेल."

बाईंनी लगेच पर्समधून मोबाइल काढला.

"हा घ्या. शांत म्हणजे काय, ते अख्ख्या महाराष्ट्राला ह्या पोरीनं दाखवलंय."

"शर्वीचा का?" रुबीना हसल्या. "मी पाहिलाय, मॅडम. ह्या क्षेत्रात येऊन तो कोणी पाहिला नाही?"

बाईंना बरं वाटलं. वाटणारच. त्या अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. चोवीस वर्षं त्यांनी मुलांना शिकवलं होतं आणि पुढची दहा वर्षं शिक्षकांना. ऑटिझम असलेल्या मुलांना नेहमीच्या वर्गात कसं सामावून घ्यायचं, हे शिकवणारं त्यांच्याइतकं अनुभवी माणूस संगमनेरच्या त्या प्रशिक्षण केंद्रात दुसरं नव्हतं. त्यांनी कधी मुलावर हात उगारला नाही, कधी आवाज चढवला नाही, आणि एकेका मुलासाठी त्या जीव तोडून राबत. वाईट बाई असत्या, तर ही गोष्ट सांगण्यात काही अर्थच नव्हता.

तो व्हिडिओ चौदा वर्षांपूर्वीचा, म्हणजे २०२६ सालचा. बाई तेव्हा दुसरीच्या वर्गावर होत्या आणि शर्वी वाकचौरे ही सात वर्षांची मुलगी त्यांच्या वर्गात होती. व्हिडिओचे दोन भाग होते. पहिल्यावर 'आधी' अशी पाटी. त्यात शर्वी खिडकीपाशी उभी आहे, चवड्यांवर उंच होते आहे, दोन्ही पंजे पाखरासारखे फडफडवते आहे आणि तोंडाने एकच सूर लावून गुणगुणते आहे. वर्ग तिच्याकडे बघून खिदळतोय. दुसऱ्या भागावर 'नंतर' अशी पाटी. पाच महिन्यांनी तीच शर्वी पहिल्या बाकावर बसली आहे. हाताची घडी, तोंडावर बोट, नजर समोर, ओठांवर हसू. शेजारी उभ्या राहून बाई कॅमेऱ्याला आपली पद्धत समजावून सांगताहेत. अशी सलग सहा मिनिटं.

हाताची घडी, तोंडावर बोट! मराठी शाळेत गेलेल्या माणसाला ही आज्ञा समजावून सांगावी लागत नाही. साठीच्या आजोबांनाही कोणी करड्या आवाजात हे म्हटलं, तर त्यांचे हात आपसूक छातीशी येतील. बाईंनी ह्या जुन्या आज्ञेची पद्धतशीर शिडी केली होती. पहिल्या आठवड्यात दहा सेकंद, मग अर्धं मिनिट, मग एक मिनिट. प्रत्येक पायरीला वहीवर एक चांदणी, आणि हसत केलं तर दोन. ह्या पद्धतीला त्यांनी 'शांत हात' असं नाव दिलं. अकरा हजार शिक्षकांनी आजवर तो व्हिडिओ पाहिला होता. येत्या सोमवारी निरनिराळ्या जिल्ह्यांतून साठ प्रशिक्षक तीच पद्धत इतरांना कशी शिकवायची ते शिकून घ्यायला येणार होते आणि जूनमध्ये शाळा उघडल्या की ती दहा हजार वर्गांत जाणार होती.

आता त्या यंत्राबद्दल. 'नाडीपट' हे नाव भारदस्त असलं, तरी त्यामागची गोष्ट साधी आहे. हृदयाचा ठोका पडला की चेहऱ्याच्या कातडीखाली रक्ताची एक बारीक लाट येते. रक्त हिरवा प्रकाश जास्त शोषतं, त्यामुळे दर ठोक्याला चेहऱ्याचा रंग किंचित बदलतो. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. कपाळ आणि गालांवरच्या हजारो ठिपक्यांची सरासरी काढली की त्यातून नाडी वर येते. इथवरचं तंत्र जुनंच होतं. अडचण होती ती जुन्या मोबाइलवरच्या व्हिडिओंची, कारण फाइल लहान करताना मोबाइल नेमकी हीच बारीक माहिती फेकून देत असे. रुबीनांच्या गटाने त्यावर तोड काढली. दर ठोक्याला माणसाचं डोकंही केसभर हलतं. ती हालचाल आणि रंगातली उरलीसुरली लाट एकमेकींशी ताडून पाहायची. दोन्हींत जे सारखं निघेल ती नाडी. त्यामुळे झालं असं, की पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या व्हिडिओतल्या माणसाच्या छातीत त्या क्षणी काय चाललं होतं, तेही आता वाचता येऊ लागलं. सरसकट वापराला अर्थातच बंदी होती, पण शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी परवानगी मिळाली होती.

आणि शिक्षकांना त्याची गरजही होती. "काही नव्हतं हो, अचानक किंचाळायला लागला," असं शिक्षक सांगत, आणि नाडीपट दाखवी की अचानक काहीच झालेलं नाही. मुलाची नाडी वीस मिनिटं चढत होती. फक्त ते आपल्या ओळखीच्या पद्धतीने चेहऱ्यावर उमटत नव्हतं.

रुबीनांनी व्हिडिओ यंत्रात घातला. पडद्यावर 'आधी'ची पाटी आली. खिडकीपाशी शर्वी पंजे फडफडवू लागली आणि खालच्या पट्टीवर हिरवी रेघ सरकू लागली. अठ्ठ्याऐंशी. नव्वद. एक्याण्णव.

"हे बंद पडलंय का?" बाई म्हणाल्या. "ती तर नुसती नाचतेय."

"नाही, चालू आहे. सात वर्षांची मुलगी उभी राहून हलतेय, त्या मानाने नव्वद म्हणजे झकास. मजेत आहे ती."

"मजेत?" बाईंना हसू आलं. "मी नुकती सुरुवात केली होती तेव्हा. पुढचं बघा."

'नंतर'ची पाटी आली. हाताची घडी, तोंडावर बोट. एकशे बावीस. एकशे तीस. बाईंचा व्हिडिओतला आवाज प्रेमाने सांगत होता, "मुलावर दबाव आणायचा नाही, फक्त सवय लावायची." एकशे एकोणचाळीस. पाचव्या मिनिटाला रेघ एकशे एकावन्नवर गेली आणि तिथेच राहिली. रुबीनांनी चहाचा कप खाली ठेवला.

"जुना मोबाइल होता तो," बाई म्हणाल्या. "चित्रही धड नाही आलेलं."

"हो, चूक होऊ शकते." रुबीनांना खरंच तसं वाटत होतं. त्यांनी पडद्यावर बोटाने एक चौकट ओढली. "थांबा, ताडून बघू. ह्याच फ्रेममध्ये दुसरा चेहरा आहे ना."

दुसरा चेहरा बाईंचा होता. चव्वेचाळीस वर्षांच्या, अबोली रंगाची साडी नेसलेल्या, हसऱ्या बाई. त्यांच्या नावाची निळी रेघ खाली उमटली. चौऱ्याहत्तर. सहाच्या सहा मिनिटं चौऱ्याहत्तर, संथ, एकसारखी.

"तुम्हाला तेव्हा काही त्रास?"

"नाही. माझी नाडी कायम सत्तर-पंचाहत्तर."

"मग यंत्र बरोबर आहे, मॅडम." रुबीना हळू आवाजात म्हणाल्या. "एकच मोबाइल, एकच उजेड. तुमची बरोबर येते आणि तिची चुकते, असं होणार नाही."

"पळत आली असेल मधल्या सुट्टीतून."

"बसल्यावर उतरायला हवी होती. हिची चढतेय." रुबीनांनी रेघेवर बोट ठेवलं. "नाडी कारण सांगत नाही, तेवढं खरं. आनंदानेही चढते."

दोघींनी पडद्यावरच्या मुलीकडे पाहिलं. तिच्या ओठांवर हसू होतं. आनंदाची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही.

बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. शर्वीच्या एकशे एकावन्नपेक्षा त्यांना स्वतःच्या चौऱ्याहत्तरची जास्त लाज वाटली. एक मूल आपल्या शेजारी छाती फुटेस्तोवर धडधडत होतं आणि आपण दुपारी जेवून लवंडलेल्या माणसासारख्या निवांत होतो. वर ते अकरा हजार लोकांना दाखवलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"सोमवारी हा नको लावायला," त्या म्हणाल्या. "दुसरा घेऊ."

"आणि तुमचं 'शांत हात'चं सत्र?"

"ते होईल ठरल्याप्रमाणे."

"मॅडम, साठ जण येताहेत. ते पुढे दहा हजार वर्गांत..."

"मला माहीत आहे ते!" बाईंचा आवाज चढला. चौतीस वर्षांत मुलांवर न चढलेला आवाज वयाने लहान असलेल्या एका शहाण्या बाईवर चढला. बाई पर्स उचलून निघाल्या. लाज वाटली की माणूस लगेच खरं बोलायला लागतो, असं काही नसतं. आधी तो दाराला कडी घालतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी केंद्रात फोन करून सुट्टी टाकली आणि शर्वी नोकरी करत होती त्या दूध डेअरीची वाट धरली. व्हिडिओ पुढे वापरायचा तर तिची परवानगी घ्यायला हवी, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. ते खोटं होतं. खरं म्हणजे शर्वीने एकदाच म्हणावं, "बाई, तुमच्यामुळेच मी इथवर आले," एवढ्यासाठी त्या निघाल्या होत्या. पोरगी डिप्लोमा झाली, नोकरीला लागली, आपल्या पायांवर उभी राहिली. मग आपलं चुकलं कुठे? रेघेला काय कळतंय?

डेअरीच्या प्रयोगशाळेत शर्वी पांढरा कोट घालून, कानांवर आवाज अडवणारे जाड हेडफोन लावून दुधाचे नमुने तपासत होती. यंत्रावर आकडा येईपर्यंत तिच्या डाव्या हाताची बोटं हवेत भराभर नाचत होती. शेजारच्या माणसाचं तिकडे लक्षही नव्हतं.

"बाई, तुम्ही न कळवता आलात," हेडफोन न काढता ती म्हणाली. "माझी जेवणाची सुट्टी सव्वा वाजता होते. अजून अकरा मिनिटं आहेत."

बाई बाकावर अकरा मिनिटं बसल्या. मग दोघी मागच्या अंगणातल्या पायरीवर गेल्या, कारण कॅन्टीनमध्ये गलका असतो आणि शर्वी तिथे जेवत नाही. तिने डबा उघडला. बाईंनी रुबीनांकडून मागवून घेतलेली ती रेघ मोबाइलवर दाखवली आणि कसंबसं समजावून सांगायला सुरुवात केली, पण शर्वीला समजवावं लागलं नाही. आकडे वाचणं हेच तिचं काम होतं.

"एकशे एकावन्न," ती म्हणाली. "पाचव्या मिनिटाला. बरोबर आहे. तेव्हा तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवला."

"मी तर मायेने ठेवला होता गं."

"हो. पण हलका ठेवला होता. हलका हात मला मुंगी चढल्यासारखा लागतो. जोरात दाबला असतात तर चाललं असतं."

"मग तू हसत कशी होतीस?"

"हसलं की दोन चांदण्या मिळायच्या. पंचवीस झाल्या की अर्धा तास खिडकीपाशी उभं राहायला मिळायचं." शर्वीने चपातीचा तुकडा मोडला. "घडी घातली ना, की काखेत चिमटा काढता येतो. बाहेरून दिसत नाही. बोटामागे आतून गाल चावता येतो, तेही दिसत नाही. चिमटा काढला की आवाज कमी झाल्यासारखे वाटायचे. म्हणून सहा मिनिटं जमली."

काखेतले डाग. बाईंना एकदम सगळं आठवलं. त्या वर्षी शर्वीची आई शाळा सुटल्यावर वर्गाच्या दाराशी येऊन उभी राहिली होती. "बाई, हिच्या काखेत काळेनिळे डाग पडत्यात. वर्गात कोणी चिमटे काढतं का हो?" आणि बाईंनी ताडकन सांगितलं होतं, "माझ्या वर्गात असलं काही होत नाही. घरी कोण येतं-जातं, त्याच्यावर लक्ष ठेवा." पुढे वाकचौरेंच्या घरात काहीतरी बिनसल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं, आणि आपण एका मुलीला वाचवलं असं त्यांना तेव्हा वाटलं होतं. त्या पुण्याईवर त्या कितीतरी रात्री सुखाने झोपल्या होत्या.

"तुझ्या आईने तेव्हा..." बाई म्हणाल्या.

"आईने माधवकाकाला घरी यायला बंदी केली. तोच एकटा माझ्याशी पत्ते खेळायला यायचा."

"तू सांगितलं का नाहीस?"

"मला कोणी विचारलं नाही. आईने तुम्हाला विचारलं, तुम्ही आईला सांगितलं." तिच्या आवाजात राग नव्हता; नमुन्याचं फॅट सांगावं तसं ती सांगत होती. "नंतर मी सांगितलं, अकरा वर्षांची असताना. आईने काकाला फोन केला. काका म्हणाला, चार वर्षं झाली, आता राहू दे. तो अजून येत नाही."

ती पायरी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं बाईंना झालं. रागावली असती, रडली असती, तर निदान तिला समजावता आलं असतं. समजावणं बाईंना येत होतं. हे असं निमूट ऐकून घेणं त्यांना कोणत्याच प्रशिक्षणात कोणी शिकवलं नव्हतं.

"शर्वी, माझं चुकलं. फार चुकलं. मला माफ करशील?"

शर्वी म्हणाली, "ह्याला काय उत्तर देतात ते मला माहीत नाही. तो व्हिडिओ किती शिक्षकांनी पाहिलाय?"

"अकरा हजार."

"मग मला एकटीला का सांगताय? मला तर आधीपासून माहीत होतं."

बाईंनी मान खाली घातली. मग हळूहळू, अडखळत त्यांनी सोमवारचं सगळं सांगितलं. साठ प्रशिक्षक, दहा हजार वर्ग, आणि आपण तो व्हिडिओ गुपचूप बाजूला ठेवायला निघालो होतो, हेही. "मला तिथे उभं राहवणार नाही गं. दहा वर्षं मी त्यांना हेच शिकवत आले."

"दहा हजार वर्गांत माझ्यासारखी मुलं किती असतील?"

"एका वर्गात एक धरलं तरी दहा हजार."

"म्हणजे ती जूनपासून घडी घालतील," शर्वी म्हणाली. तिने डब्याचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. "मी येते. सोमवारी मला सुट्टी नाही, अर्ज करावा लागेल, तुम्ही केंद्राचं पत्र द्या. हॉलमधले कूलर बंद ठेवायचे. मला माइक नको. आणि टाळ्या वाजवू नका."

"नाडीपट चालू ठेवायचा का, तू बोलताना?" बाईंनी विचारलं. विचारल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की एखाद्या गोष्टीत शर्वीला तिची मर्जी विचारायची ही त्यांची पहिलीच वेळ होती.

"हो. म्हणजे मला वेगळं सांगावं लागणार नाही."

सोमवारी अकरा वाजता हॉल गच्च भरला होता. मे महिन्याचा उकाडा, त्यात कूलर बंद. साठ प्रशिक्षक फायलींनी वारा घेत कुरकुरत होते. बाईंनी नमस्कार केला, प्रस्तावना केली नाही, आणि तो व्हिडिओ खालच्या पट्टीसकट लावला. एरवी 'नंतर'ची सहा मिनिटं संपली की टाळ्या पडायच्या. आज दुसऱ्याच मिनिटाला फायली हलायच्या थांबल्या.

"ह्या मुलीला मी शांत केलं, असं मी तुम्हाला सांगत आले," बाई म्हणाल्या. "मी फक्त तिचं हलणं बंद केलं. तिच्या अंगावर डाग उठत होते, ते ती स्वतःच्या हाताने, माझ्या वर्गात, माझ्यासमोर करून घेत होती. तिची आई विचारायला आली तेव्हा मी तो संशय त्यांच्या घरावर ढकलला. त्यात एका भल्या माणसाचं त्या घरातलं येणं कायमचं तुटलं. आणि मागच्या बुधवारी ही रेघ बघितल्यावरही मी ती तुमच्यापासून लपवायला निघाले होते."

तिसऱ्या रांगेतून कडलग सर उठले. अकोल्याकडच्या शाळांत त्यांनी 'शांत हात' नावारूपाला आणलं होतं. "मॅडम, आम्ही तीन वर्षं हेच करतोय. माझ्याच केंद्रात बावीस मुलं आहेत. त्यांचं काय करायचं आता?"

"मला माहीत नाही, सर."

"माहीत नाही कसं? तुम्हीच शिकवलंत!"

"हो. मीच शिकवलं." सर उभेच राहिले, मग आपल्या हातांकडे बघत खाली बसले. मागे एक शिक्षिका डोळ्यांना पदर लावून होती. बाईंना क्षणभर वाटलं, की सगळ्यांत अवघड होतं ते आता होऊन गेलं.

मग शर्वी व्यासपीठावर आली. रुबीनांनी हॉलचा कॅमेरा तिच्याकडे वळवला आणि मागच्या पडद्यावर तिची हिरवी रेघ सुरू झाली. एकशे आठ. तिने लिहून आणलेला कागद काढला, पहिली दोन वाक्यं वाचली आणि कागद टेबलावर ठेवून दिला. तिचे दोन्ही हात वर आले, पंजे फडफडू लागले, ती चवड्यांवर झुलू लागली, आणि तिचा आवाज मोकळा झाला. कोणता पंखा कसा कुरकुरतो, खडूचा कोणता आवाज दातांत जातो, जिना चढताना शेवटी राहिलं तर का बरं वाटतं, हे ती सांगत गेली. रेघ उतरत उतरत पंचाण्णववर आली. साठ प्रशिक्षक टक लावून बघत होते.

बाई तिच्या शेजारीच उभ्या होत्या. शर्वीचे हात आणखी वेगाने हलू लागले. पुढच्या रांगेतले दोघे एकमेकांकडे बघून काहीतरी पुटपुटले. हसले की काय? ह्या पोरीला हसताहेत? बाई अर्धं पाऊल पुढे सरकल्या.

"घंटा व्हायच्या आधी," शर्वी सांगत होती, "मला कोणी एक मिनिट अगोदर सांगून ठेवलं असतं, तर..."

आणि ती एकदम थांबली. कडलग सर पडद्याकडे बघत होते. सगळेच पडद्याकडे बघत होते. रेघ एकशे पंधरावर गेली होती, मग एकशे सव्वीसवर. काय झालं म्हणून बाईंनी शर्वीकडे पाहिलं, आणि त्यांना आपलाच हात दिसला. तो शर्वीच्या मनगटावर होता. हळुवारपणे, मायेने, त्यांनी तिचे हात धरून खाली आणले होते.

कधी धरले, ते त्यांना कळलंही नव्हतं.

त्यांनी हात सोडला. बाहेरच्या रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. चौदा वर्षांपूर्वीची चूक कबूल करता येते. तेव्हा आपण वेगळ्या होतो, असं म्हणता येतं. पण हे आत्ता, साठ माणसांसमोर, सगळं कळून-सवरून घडलं होतं. तोंड लपवावं तर ते तरी कुठे? आपल्या आयुष्यात ह्याहून जास्त लाज त्यांना कधी वाटली नव्हती आणि पुढेही वाटणार नव्हती.

"बघितलंत?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी पुन्हा, मोठ्याने म्हटलं. "बघितलंत ना? लिहून घ्या हे. मला सगळं कळलं होतं. मी तिची माफी मागितली होती, आत्ता तुमच्यासमोर कबूलही केलं. तरी हात गेला. तुमचाही जाईल. प्रत्येक वेळी मायेनेच जाईल. लिहून घ्या."

हळूहळू वह्या उघडल्या गेल्या.

शर्वी बाईंच्या हाताला लागणार नाही इतकी, मोजून दोन पावलं बाजूला सरकली. "माझं वाक्य अर्धं राहिलं," ती म्हणाली, आणि पहिल्यापासून ते पुन्हा सांगायला लागली. तिचे हात परत वर आले.

बाई व्यासपीठावरून खाली उतरल्या. पहिल्या रांगेत कडेची एक खुर्ची रिकामी होती. तिथे बसून त्यांनी शेजारच्या शिक्षिकेकडे एक कोरा कागद मागितला.